उंची, तिथी आणि खालचा बर्थ: लहान लेकरांना घेऊन इमॅजिका आणि अलिबाग

विदर्भातल्या खेड्यातून समुद्र पाहायला निघायचं म्हणजे महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. गावातून एसटी किंवा काळीपिवळीने तालुका, तिथून रेल्वे स्टेशन, मग रात्रभर गाडी, मग बोट. सोबतचं लेकरू दहाच्या आतलं असेल तर आराखडा तीन गोष्टींवर ठरतो: त्याची उंची, समुद्रावरच्या दिवसांची तिथी आणि गाडीतला बर्थ. हॉटेल कोणतं, कपडे कोणते हे मागून पाहता येतं. बहुतेक घरी नेमकं उलटं होतं, आणि मग पार्कच्या दारात पोट्टं रडतं किंवा भरदुपारी बारा वाजता ओल्या रेतीत पाय भाजत उभं राहावं लागतं.

खालचा बेत वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाण्याकडून निघणाऱ्यांसाठी आहे: दोन मोठे, दोन लहान, समुद्राजवळ दोन रात्री, खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला एक दिवस. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना मात्र बल्लारशाहून हैदराबाद जवळ पडतं. तिकडे रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला आहे, आणि समुद्र हवाच असेल तर पुढे विशाखापट्टणम. तो वेगळा बेत, पण उंचीचं आणि औषधांचं गणित तिथेही हेच लागू पडतं.

तारीख कशी धरायची

गावाकडे शाळेची सुट्टी एकीकडे आणि शेतातली फुरसत दुसरीकडे. दिवाळीत शाळा बंद असते, पण सोयाबीन नुकतं निघालेलं, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन कपाशीची वेचणी सुरू झालेली आणि मजूर मिळायची मारामार. शिवाय त्याच आठवड्यात अर्धं पुणे-मुंबई कोकणात उतरलेलं असतं आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. मे महिन्यात वेळ सापडतो, कारण विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पण तेव्हा लग्नसराई, गाड्यांना वेटिंग आणि मशागतीची घाई.

मे महिन्याबद्दल आणखी एक गैरसमज आहे. कोकणात पारा तेहेतीस-चौतीसच दाखवतो, म्हणून पंचेचाळीस सोसलेला वऱ्हाडी माणूस हसतो. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं. घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं, कूलर चालतो तोही त्याच जोरावर. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, शरीराची उष्णता बाहेर जात नाही आणि लेकरू तासाभरात लाल होऊन किरकिरायला लागतं. खिशात कांदा ठेवून तिथे काही होत नाही.

जून ते सप्टेंबर समुद्राचं नाव काढू नका. लाटा मोठ्या, पाणी गढूळ, आणि मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटीही पावसाळ्यात बंद असतात.

उरते ती तूर निघाल्यानंतरची आणि हरभरा सोंगायच्या आधीची फट, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. माझ्या मते लहान लेकरांसाठी वर्षातली हीच सर्वांत चांगली वेळ. वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची संत्री असतील तर तोडणी पाहून मागेपुढे करावं लागेल. अंगणवाडीतल्या लेकराला सुट्टीचा प्रश्नच नाही, दुसरी-तिसरीतल्यासाठी गुरुजींना चिठ्ठी देता येते, फक्त गॅदरिंगची तारीख विचारून घ्या. सव्वीस जानेवारीला लागून येणारे शनिवार-रविवार टाळा. पार्कचा दिवस सोमवार ते गुरुवार यांच्यातलाच ठेवा. पार्क रोज उघडा असतोच असं गृहीत न धरता त्यांच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं वेळापत्रक पाहूनच तिकीट काढा.

एवढं झाल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसा, कारण आता तिथी बघायची आहे.

पाऊणपटीचा हिशोब

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. ती चंद्रावर चालते आणि तिथीही चंद्रावरच, म्हणून कोकणातल्या कोळ्यांचा जुना ठोकताळा आजही कामी येतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, मधे सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू होते आणि अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते, पण तारीख ठरवायला हा हिशोब पुरतो.

लहान लेकरांना खेळायला सपाट किनाऱ्यावर ओहोटीच्या आगेमागे तासभर उत्तम. पाणी मागे सरलेलं, रेती ओली आणि घट्ट, मधूनमधून घोट्याएवढी डबकी. त्यात खेकडे, शंख, पाण्याच्या रेघा, सगळं हाताशी. ही ओहोटी सकाळच्या कोवळ्या उन्हात हवी. म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी. या तीन तिथींना ओहोटी साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. संध्याकाळचा विचार केला तर पौर्णिमा-अमावास्येला साडेपाचच्या सुमारास ओहोटी असते आणि रेती लांबवर उघडी पडते, पण तो उधाणाचा काळ. पाणी जेवढं लांब जातं तेवढंच जोराने वापस येतं. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी असते, पाणी सर्वांत शांत, पण ओहोटी भरदुपारी. त्या वेळी लेकरू झोपलेलं बरं.

पाण्यात उतरायचं असेल तर पाणी ओसरत असताना नको. त्या वेळी पाण्याची ओढ आत समुद्राकडे असते. कॅनॉलमध्ये किंवा गावच्या नदीच्या डोहात पोहलेला माणूस इथे फसतो, कारण नदी एकाच दिशेला वाहते आणि ती दिशा डोळ्यांना दिसते. इथे लाट वरून किनाऱ्याकडे येते आणि तेच पाणी खालून पायाशी आत ओढतं. घोट्याखालची रेती निसटते आणि तोल जातो. लेकराच्या गुडघ्यापेक्षा खोल जायचं नाही. मोठा माणूस समुद्राच्या बाजूला आणि लेकरू किनाऱ्याच्या बाजूला. मोठ्या माणसाने मोबाइल खोलीवर ठेवायचा, कारण फोटो काढायला दोन पावलं मागे सरलं की तेवढ्यात लाट येते. हवेने फुगवलेली ट्यूब समुद्रात वापरू नका. वारा आतल्या बाजूला असला की ती लेकरासकट सरकते.

कोणता किनारा

अलिबागचा मुख्य किनारा शहराला लागून आहे, गर्दीचा आहे, रेती काळपट आणि घट्ट. तिथे जायचं ते कुलाबा किल्ल्यासाठी. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला किल्ला पाण्यात. जाताना सोबतच्या माणसाला किंवा गाडीवाल्याला वापस यायची शेवटची वेळ विचारूनच पाऊल टाका. आत रमलं आणि पाणी भरलं की बोटीशिवाय गत्यंतर नाही. लेकरू कडेवर घेऊन मांडीएवढ्या पाण्यातून येण्याची धाडसं करू नका.

मुक्कामाला आक्षी किंवा नागाव. दोन्ही अलिबागपासून सहा ते दहा किलोमीटरच्या आत, एकमेकांना लागून. किनारा सपाट, मागे सुरूची झाडं, म्हणजे सावलीला चादर टाकून बसता येतं. नागावला घोडागाड्या, बनाना बोट, भोंगे यांचा गोंधळ जास्त, आक्षीला कमी. दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल तर आक्षीच घ्या. आक्षीत शके ९३४ मधला, म्हणजे इसवी सन १०१२ चा मराठी शिलालेखही आहे. लेकरांना त्याचं काही देणंघेणं नाही, पण मोठ्यांनी जाता जाता बघावा.

काशीदची पांढरी रेती फोटोत भुरळ घालते. तिथे लाटा जोरकस आणि पाणी लवकर खोल होतं. दहाच्या आतल्या लेकरांसाठी मी ते यादीतून काढून टाकेन. मुरूड-जंजिरा लांब आहे आणि रस्ता वळणांचा, त्यामुळे गाडी लागणाऱ्या लेकराचा अख्खा दिवस त्यात जातो.

किनाऱ्यावर चपला घालूनच चालायचं. सुरूखाली फुटक्या बाटल्या असतात, वर घोड्यांची लीद. जेलीफिश रेतीवर पडलेला दिसला तर काडीनेही डिवचू नका, मेलेल्याचाही चटका बसतो. चटका बसलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि चिकटलेले धागे न खरवडता चिमट्याने काढायचे. तोंड सुजलं, श्वास लागला तर थेट दवाखाना. पाण्यातून निघाल्यावर पंधरा मिनिटांत गोड्या पाण्याने अंघोळ घाला. खारं पाणी आणि रेती जांघेत राहिली की संध्याकाळी लेकराला चालता येत नाही. सुती चड्डी ओली राहून घासते, पटकन वाळणारी बरी, आणि आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा.

गाडी

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडतं. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस नागपूर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव अशी थांबत जाते आणि सकाळी मुंबईला पोचते. अमरावतीहूनही मुंबईला रात्रीची गाडी आहे. समुद्र आधी करायचा असेल तर शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे सीएसएमटीपर्यंतचं तिकीट काढा. शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी होते, झोपेतल्या लेकराला उचलून घाई करावी लागत नाही. तिथून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर.

पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ न घेतल्यास अर्धं भाडं, बर्थ घेतल्यास पूर्ण. इथे कंजुषी नडते. सहा वर्षांचं लेकरू आणि आई एका बर्थवर झोपली की दोघांचीही रात्र जागरणात जाते आणि पुढचा आख्खा दिवस चिडचिडीत. सहाच्या वरच्याला बर्थ घ्याच. चार वर्षांचं एक आणि सात वर्षांचं एक असं असेल तर तीन बर्थ पुरतात: खालच्यावर आई आणि धाकटं, मधल्यावर थोरलं, वरच्यावर बाबा. साइडचे बर्थ लहानांसोबत नकोत, येणारा-जाणारा धक्का देत जातो. जानेवारीत स्लीपर घेतला तर मनमाड ते इगतपुरी पहाटेची थंडी बोचते. चादर रेल्वे फक्त एसीत देते, म्हणून घरची गोधडी ठेवा.

तत्काळवर भरवसा ठेवून चार जणांचा बेत आखू नये. एसीसाठी आदल्या दिवशी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं, ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि गावातलं नेटवर्क नेमकं अकरा वाजताच बसतं.

धामणगाव-पुलगावसारख्या स्टेशनावर गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते. डबा कुठे लागणार हे फलकावर पाहून तिथेच उभे राहा. आधी एक मोठा माणूस चढेल, मग लेकरं वर दिली जातील, मग बॅगा, शेवटी दुसरा मोठा. चार माणसांना दोनच मोठ्या बॅगा आणि एक पाठीवरची. त्याहून जास्त झाल्या तर लेकराचा हात धरायला हात उरत नाही.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन समृद्धीने जाणारेही आता खूप झालेत. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण उघडला आहे. कागदावर आठ तास दिसतात. लेकरांसोबत ते आठ तास होत नाहीत, आणि करूही नयेत. सरळ, रिकामा, एकसारखा काँक्रीटचा रस्ता चालवणाऱ्याला झोप आणतो, आणि तापलेल्या काँक्रीटवर सतत १२० च्या वेगाने पळणारा जुना टायर फुटतो. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजा, रबराला बारीक भेगा असतील तर टायर बदलूनच निघा. दर दोन तासांनी उतरा, पण कडेला गाडी लावून नाही, पेट्रोल पंपावर किंवा बाहेर पडून. लेकराला लघवी लागली म्हणून मोकळ्या पट्टीत थांबणं हा या रस्त्यावरचा सर्वांत वाईट निर्णय. संभाजीनगर किंवा शिर्डीला रात्र काढा. आमणेनंतर कल्याण फाटा, पनवेल, पेण, वडखळ या पट्ट्यातली वाहतूक वेगळाच संयम मागते.

समुद्र आधी, पार्क नंतर

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. गाडी तीन तास उशिरा आली तर समुद्राचे तीन तास जातात, आणि समुद्राला तिकीट नाही. पार्कचं तिकीट तारखेचं असतं. रात्रभर प्रवास केलेलं लेकरू रेतीत बसून आपोआप शांत होतं, तेच लेकरू रांगेत उभं केलं तर दुपारपर्यंत कोसळतं.

पहिल्या सकाळी गेटवेहून मांडव्याची बोट. तासाभराचा प्रवास. काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तिकीट काढताना विचारा. स्वतःची गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात गाडीही चढते. लाइफ जॅकेट लहान मापाचं मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निसटतं, ते घालून काही उपयोग नाही. बोट लागू नये म्हणून रिकाम्या पोटी बसवू नका आणि भरल्या पोटीही नको. दोन बिस्किटं किंवा मूठभर मुरमुरे, आणि वाऱ्याच्या बाजूची जागा.

दोन रात्री आक्षी-नागावला, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून पेणमार्गे खोपोली. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, दोन तास धरा. रात्री खोपोली-खालापूर भागात मुक्काम, चौथा दिवस पार्क, पुन्हा तिथेच मुक्काम. पार्क संपवून त्याच रात्री गाडी पकडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मग चारला बाहेर पडावं लागतं, नेमकी मिरवणूक आणि दिवे सुरू व्हायच्या आधी. एक रात्रीचं भाडं वाचतं आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे बुडतात.

पार्कच्या दारातली फूटपट्टी

इमॅजिकात लेकराचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. अगदी लहानग्यांना प्रवेश मोफत असतो, त्यानंतर लहान मुलांचं तिकीट, त्यावर पूर्ण. झोके-पाळण्यांनाही उंचीचीच अट. घरी भिंतीला टाच, कुल्हे आणि डोकं टेकवून, पायात काही न घालता उभं करा, डोक्यावर वही आडवी ठेवा आणि खडूने रेघ मारून टेपने मोजा. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच भरतो, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात. अगदी काठावरचं लेकरू असेल तर अटीची राइड सकाळीच करून घ्या.

अंदाजासाठी: तीन वर्षांचं लेकरू साधारण ९५ सेंटिमीटर, पाच वर्षांचं ११० च्या आसपास. मोठ्या रोलर कोस्टरना १२० ते १४० च्या दरम्यानची अट असते. म्हणजे पहिलीतल्या मुलाला ते बंदच. ही अट भीतीपोटी नसते. मांडीवर येणारा दांडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडावर अडतो. लहान लेकराचं कुल्हं अरुंद, त्यामुळे झटक्यासरशी ते दांड्याखालून पुढे घसरू शकतं. म्हणून जाडजूड सोलचे बूट घालून दोन सेंटिमीटर वाढवायची हुशारी करू नका. आणि हे सगळं लेकराला घरीच सांगा: "रेघ इथपर्यंत आली की ती मोठी गाडी, तोवर ही." दारात कळलं तर अर्धा तास रडण्यात जातो.

लहानांसाठी तिथे भरपूर आहे: मॅजिक कॅरोसेलचे घोडे, हत्तीत बसून उडणारा टबी टेक्स ऑफ, पाण्यात टकरा मारणाऱ्या बोटी, छोटा मनोरा हम्प्टीज फॉल. आय फॉर इंडियामध्ये पाय लोंबकळत ठेवून पडद्यावर देश वरून दिसतो. उंची भरत असेल तर ती घराघरात चर्चेला पुरते. राजासॉरसची पाण्यातली बोट थोरल्यांना आवडते. राजासॉरस हा खरा भारतीय डायनासोर, गुजरातेत सापडलेला, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. डायनासोरचे अवशेष आपल्याकडे वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातही सापडलेत, हे रांगेत उभं असताना सांगायला बरं. सलीमगढ मात्र अंधाराचं आणि भुताचं. पाचच्या आतलं लेकरू नेऊ नका, रात्री ते झोपत नाही आणि तुम्हालाही झोपू देत नाही.

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. आत गेल्यावर सगळे पहिल्याच राइडपाशी थबकतात. तुम्ही सरळ टोकाला जा आणि तिथून मागे या. पहिल्या दीड तासात तीन-चार राइड होतात, नंतर तेवढ्याच वेळात एखादी-दुसरी. लहानांसोबत दिवसाकाठी सहा ते आठ झाल्या की दिवस वसूल समजा. दुपारी दीड ते तीन या वेळात लेकराला झोप येतेच. ती वेळ थंड हवेच्या बंदिस्त कार्यक्रमाला किंवा निवांत जेवणाला द्या, रांगेला नको. जेवणानंतर पाऊण तास गोल फिरणारं काही नको, उलटी तिथेच होते. भिजवणाऱ्या राइड सर्वांत शेवटी, अंगावरचे कपडे बदलायचे असतील तेव्हा. पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत, नुसत्या चपला उंचावरून पडतात.

मोठ्यांनाही कोस्टरवर बसायचं असतं. एक बसेल तेव्हा दुसरा लेकरांपाशी, मग उलट. दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लागू नये यासाठी काही सोय आहे का, हे रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला आधीच विचारा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याला सहसा सूट असते, दारात दाखवा. म्हणून सकाळी खोलीवरच पोटभर खाऊ घाला. वॉटर पार्कचं जोडतिकीट मोहात पाडतं, पण या सहलीत ते सोडा. दोन दिवस समुद्रात भिजून झालेलं असतं, त्वचा आधीच कोरडी, आणि तिथे सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे पोशाख सगळ्यांना लागतात.

हरवण्याची तयारीही करून ठेवा. सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत लेकराचा फोटो काढा. मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा. गावात "कोणाचा रे तू?" म्हटलं की आजोबाच्या नावाने भागतं, इथे नाही. आई-बाबांचं पूर्ण नाव, गाव, तालुका आठवडाभर पाठ करून घ्या. हरवलं तर पळायचं नाही, जिथे आहे तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईला सांगायचं.

पोटाचं आणि औषधांचं

प्रवासाला दशम्या न्या. पिठात पाण्याऐवजी दूध घातलं की थंडीच्या दिवसांत दोन दिवस मऊ राहतात, सोबत तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणी, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. आक्षी-नागावला घरगुती जेवण चांगलं मिळतं, पण भात, मासे आणि नारळ यांवर भर. आपल्या लेकरांना वरण आणि पोळी लागते. खोली ठरवतानाच सांगितलं तर करून देतात, ऐन वेळी सांगितलं तर तासभर उशीर. मासे पहिल्यांदा देत असाल तर काटे काढलेला एखादा तुकडा दुपारी द्या, रात्री नको. कोळंबी तर घरापासून इतक्या लांब पहिल्यांदा देऊच नका. अ‍ॅलर्जी असेल तर ती इथेच कळेल आणि दवाखाना शोधत फिरावं लागेल.

तापाचं पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं: पाच मिलीत १२० मिलिग्रॅम आणि पाच मिलीत २५०. घरची बाटली एक आणि वाटेत घेतलेली दुसरी असली की चमचा तोच, पण औषध दुप्पट होतं. मात्रा वजनावर असते, एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लेकराच्या वजनाप्रमाणे किती मिली ते बाटलीवरच लिहून घ्या आणि तीच बाटली न्या. गाडी लागण्याच्या गोळीचंही त्याच वेळी विचारा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. ग्लासभर पाण्यात मोठी पुडी टाकली तर जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. पुडीवर वाचा आणि मोठ्या पुडीला लिटरची बाटलीच वापरा.

वापसी

पाचव्या दिवशी उशिरा उठा, जेवा आणि दुपारी कल्याणकडे निघा. खोपोलीहून काही लोकल थेट कल्याणला जातात, पण कर्जतनंतर गर्दी वाढते. दोन लेकरं आणि दोन बॅगा असतील तर टॅक्सी करा. तिकीट सीएसएमटीपासूनचं असेल आणि तुम्ही कल्याणला चढणार असाल तर चढण्याचं स्टेशन आधीच बदलून घ्या, नाहीतर टीसी मुंबईलाच बर्थ रिकामा समजून दुसऱ्याला देऊन टाकतो. पाचपर्यंत स्टेशनात पोचा. रेतीने भरलेले ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रात्रीचे कपडे, गोधडी आणि खाऊ वरच्या बॅगेत असू द्या. कल्याणला गाडी मोजकीच मिनिटं थांबते आणि चढल्या चढल्या लेकरू झोपायला मागतं.